वीस माणसांचं मेज

४ फेब्रुवारी

नहरेपलीकडच्या मोहल्ल्यातली मुअत्तर आपा आली होती. सुईण. तिकडची निम्मी माणसं हिच्या हातांवर जन्मलेली, स्वतःला मात्र मूलबाळ नाही. दारातूनच म्हणाली, "उस्ता, बैठं मेज हवंय. वीस माणसं जेवतील असं. अक्रोडाचं."

"एकट्या बाईला वीस माणसांचं मेज?"

"पाहुणे येणारेत. तुम्ही रंधा चालवा, तोंड नको!"

बायको, माझी झेबो, गेल्यापासून माझ्यावर कुणी खेकसलंच नव्हतं. बरं वाटलं.

७ फेब्रुवारी

अक्रोडाच्या फळ्या खाली काढल्या. झेबो असताना चिरून रचलेल्या. छान वाळल्यात, टिचकी मारली की वाजतात. रेषेला रेष जुळवत बसलो. दुपारी नान आणि चहा, उभ्याउभ्याच.

८ फेब्रुवारी

आज कुणाशी एक शब्द बोललो नाही.

१३ फेब्रुवारी

आपा आली. "खिळे ठोका की! लवकर होईल."

समजावलं — लाकूड कोरड्या हवेत आक्रसतं, ओल्या हवेत फुगतं. खिळ्यांनी जखडलं की तडकतं. म्हणून फळ्यांना खालून आडवी खाच पाडायची, आत रुंद, तोंडाशी अरुंद. त्यात पट्टी बाजूनं सरकवायची, सरस लावायचा नाही. फळी हलते, पण सुटत नाही.

तिनं नीट ऐकून घेतलं. इतकं लक्ष देऊन माझं कोण ऐकतं! मग खोकत राहिली, बराच वेळ.

"जर्दाळू फुलायच्या आत हवं."

"लाकडाला घाई करून चालत नाही, आपा."

"लाकडाला नसेल घाई," म्हणाली आणि निघाली.

२० फेब्रुवारी

फिरकली नाही. रस्त्यापर्यंत जाऊन आलो. उगाच.

२४ फेब्रुवारी

पायांची कुसं, म्हणजे वरची कोरलेली टोकं, खाचांत बसवली. एक सैल निघालं! पाचर ठोकून भागलं असतं. पण वीस माणसं कोपरं टेकणार. पाय काढला, नवा घडवायला घेतला.

२ मार्च

आली. आल्या आल्या स्टूल मागितलं — एरवी बसत नाही. चेहरा उतरलेला. टोमणा मात्र तोच. "उस्ता, मेज मग घासा, आधी स्वतःची दाढी करा!"

३ मार्च

दाढी केली. सत्तरीला आलास, वेड्या!

हे पाहुणे म्हणजे कोण? एकटी बाई, एवढा थाट... भलतंसलतं मनात येतं. खोडून टाकावं का? राहू दे. वाचणार कोण?

१२ मार्च

जवसाच्या तेलाचा शेवटचा हात काल दिला. कोमट तेल, तळहातानं चोळून. आज हातगाडीवरून मेज पोचवलं.

आपानं वरून पाहिलंच नाही. आधी खालून हात फिरवला, कुणी बघत नाही तिथे. "कुठे टोचत नाही," म्हणाली. मग चहा ओतला. अर्धाच पेला, परत परत भरता यावा म्हणून. झेबोनंतर मला कुणी चहा ओतून दिला नव्हता.

"त्या दिवशी याल ना?"

"कधी?"

"निरोप पाठवीन."

"येतो की!"

१३ मार्च

ठेवणीतला चापान, सणासुदीचा लांब अंगरखा, उन्हात टाकला. डांबरगोळ्यांचा वास जात नाही.

२३ मार्च

निरोप आला — आपांच्या घरी जेवायला या. चापान घालून गेलो. अंगणात मेज, भोवती गर्दी, परातीत वाफाळता प्लोव, मटण-गाजराचा भात. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आपा कुठे आहे, विचारलं. शेजारणीनं मला बाजूला घेतलं. "परवा दफन झालं, उस्ता. तुम्हाला कळलं नाही? त्यांना दुखणं माहीत होतं. आपल्या मागं जेवायला येणाऱ्यांची ताटं जमिनीवर नकोत, म्हणायच्या. आणि तुमचं नाव घेऊन सांगितलंय — त्याला मधे बसवा, घरी बोलायला कुणी नाही त्याला."

माणसं सरकली. बसलो. दोन्हीकडचे मला बोलतं करत होते.