नको असेल ते ठेवा

२ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! पहिल्या केबिनच्या ओट्यावर बसून लिहितोय. बूट काढलेत, मोजे कठड्यावर वाळत घातलेत, आणि त्यांच्या वासाने ताई चार हात लांब जाऊन बसली आहे.

मराठीत लिहायचं हे तिनेच ठरवलं. इंग्लिशमध्ये लिहिलंस तर आई काय वाचणार, कपाळ? असं म्हणाली. वहीपण तिचीच. तेव्हा आई, माझ्या शुद्धलेखनाला हसू नकोस, त्याची शाळेनेच वाट लावली आहे.

तर प्लॅन असा. सव्वीस दिवस, चारशे दहा किलोमीटर, रोज एका केबिनपासून पुढच्या केबिनपर्यंत. मधे एकच गाव, बाराव्या दिवशी. तिथे फोन आणि दुपारी एक बस. बाकी नुसतं झाड, दगड आणि वाट. केबिन म्हणजे एक लाकडी खोली, सहा जणांना झोपायला फळ्या, एक शेगडी आणि सॅक तोलायला हुकाचा काटा. दाराशी एक मोठी पेटी. झाकणावर रंगाने लिहिलंय, 'नको असेल ते ठेवा. हवं असेल ते घ्या.' सॅक जड झाली की लोक जास्तीचं सामान इथे सोडतात आणि मागून येणारे उचलतात. व्हिडिओंमध्ये शंभर वेळा पाहिलंय हे सगळं, तरी खरी पेटी बघून देव भेटल्यासारखं झालं.

माझी सॅक नऊ किलो दोनशे. ताईची चौदा सहाशे! म्हटलं, काय भरलंयस, संसार? तर म्हणाली, हो, संसारच आहे. भाऊजींना जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून ताईला धड झोप नाही. तिला चालायला बाहेर काढायचं हे माझंच डोकं. निघताना चिमणीने, म्हणजे तिच्या सहा वर्षांच्या मुलीने, मला वाकायला लावलं आणि करंगळीत करंगळी अडकवून दम दिला की मामा, आईला परत आणायचं, नाहीतर आयुष्यभर कट्टी.

आणतो की. उचलून आणतो.

४ सप्टेंबर

इथे खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. रिटायर झालेले एक पोस्टमन काका वाटेत भेटले, त्यांनी आमची नावं ठेवली. मी सारखे सल्ले देतो म्हणून मी मास्तर. ताई हळू चालते म्हणून गोगलगाय. ताई म्हणाली, गोगलगाय तर गोगलगाय, स्वतःचं घर स्वतःच्या पाठीवर तरी आहे, मास्तरांसारखी दुसऱ्याच्या शेगडीवर चहा नाही पीत. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

उजव्या टाचेला फोड. ताईच्या दोन्ही. मग मी माझा नियम जाहीर केला: जिला तीन दिवस हात लागला नाही ती वस्तू पेटीत. एका व्हिडिओवाल्याचा आहे खरं तर, पण माझा म्हणून खपवला. टूथब्रशचा दांडा कापला, दुसरी पँट गेली, जाडं पुस्तक गेलं, पॉवर बँकपण गेली. एक किलो कमी! ताईने कात्री आणि दोन डबे ठेवले. मग विचारलं, हा नियम सगळ्याला लागू का? मी म्हटलं, सगळ्याला. एकदा अपवाद केला की संपलं.

७ सप्टेंबर

आज ताईने सॅकच्या तळातून भाऊजींचा राखाडी स्वेटर काढला. मला माहीतच नव्हतं तो आणलाय ते. कोपराला तिनेच लावलेलं ठिगळ आहे. घालत नव्हती, नुसता वागवत होती. नीट घडी घातली, पेटीत ठेवला, झाकण लावलं.

मी म्हटलं, राहू दे गं ताई, सहाशे चाळीस ग्रॅमने असं काय होतंय. तर माझंच वाक्य मला ऐकवलं, एकदा अपवाद केला की संपलं, मास्तर.

आणि आई, नऊ तास झोपली ती! सकाळी शिटी वाजवत तिने शेगडी पेटवली. आठ महिन्यांनी. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

९ सप्टेंबर

काट्यात काहीतरी गडबड आहे. ताईची सॅक सहा किलो दाखवतोय. जे जे काढलं, जे खाऊन संपलं ते मिळवून पाहिलं, दोनदा, तर साडेनऊ तरी असायला पाहिजे. माझी मात्र बरोबर दाखवतो.

आता ती पुढे असते आणि मी मागे धापा टाकतोय. पोस्टमन काका म्हणाले, गोगलगाय हे नाव मास्तरांना द्यावं लागणार. मग त्यांनी सहज विचारलं, मिस्टर काय करतात. ताई म्हणाली, मला नवरा नाहीये. चहात साखर नको म्हणावं इतक्या सहज. काका ओशाळले. मला वाटलं, बोलायचं नसेल तिला.

पण नंतर मीच भाऊजींचा विषय काढला. आंघोळ करताना ते किती बेसूर गायचे आणि शेजारचे कसे भिंत वाजवायचे. तिने सगळं ऐकलं. हसायच्या जागी हसली. मग विचारलं, तुझा मित्र का?

थट्टा करते आहे असं वाटलं. पण नाही. ती माझं उत्तर यायची वाट बघत होती.

११ सप्टेंबर

ताईने फोन पेटीत ठेवला. म्हणे तीन दिवस बंदच आहे. त्यात चिमणीचे सगळे फोटो आहेत. जन्मल्यापासूनचे. मी म्हटलं, अगं, चिमणी? ती हं म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला लागली.

ती पुढे गेल्यावर मी फोन काढायला पेटीत हात घातला. उचलला नाही. म्हणजे मी उचलला नाही असं नाही, तो उचललाच गेला नाही. दोन्ही हातांनी ओढला. बोटांची नखं पांढरी झाली. एकशे नव्वद ग्रॅमचा फोन आहे तो.

केबिन झाडायला एक काकू येतात. झाडता झाडता, वर न बघता म्हणाल्या, नका ओढू, ते तुमचं नाही. ज्याला हवं असेल त्याच्याच हाताला लागतं. मी म्हटलं, मला हवाय. तर म्हणाल्या, तुम्हाला तिच्यासाठी हवाय. ते वेगळं.

मग त्यांनी माझ्या पायाखालचा कचरा काढायला मला बाजूला व्हायला सांगितलं. मी झालो.

१३ सप्टेंबर

गाव. किराणा दुकानात फोन होता. आई, तुला काही सांगितलं नाही. चिमणी आली फोनवर. पुढचा दात पडलाय तिचा, उशीखाली ठेवलाय. मला म्हणाली, मामा, तू नको, आईला दे.

ताईने ऐकलं. हो का, अरे वा, असं म्हणाली. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, गोड आहे रे, कोणाची मुलगी?

दुकानदाराला गंमत वाटली. रिसीव्हरमधून चिमणी हॅलो हॅलो करत होती. तिने ऐकलं असेल का? मी नंतर बोलतो म्हणून ठेवून दिला.

तिथेच ठरवलं, बस झालं, घरी. ताईला बाकावर बसवलं, दोन तिकिटं काढली, वळलो तर बाक रिकामा. ती गावाबाहेरच्या चढावर होती, बोटाएवढी दिसत होती. सॅक बाकाखालीच होती. बस सुरू होती. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, येताय, की मी आरती ओवाळू?

मी चढलो नाही. एकटा जाऊन त्या पोरीला काय सांगू?

१४ सप्टेंबर

संध्याकाळी केबिनवर गाठली तिला. सॅक नाही, बाटली नाही. दमलेली नाही.

चिखलाची वाट होती दिवसभर. माझे बूट घोट्यापर्यंत रुतत होते. तिच्या पायांचे ठसे शोधत होतो मी, म्हणजे रस्ता चुकू नये म्हणून. एकही नव्हता.

तिला सगळं सांगितलं. तिचं नाव, आईचं नाव, चिमणी कुठल्या दवाखान्यात झाली, किती तास कळा दिल्या, भाऊजी बाहेर कसे उभे होते. ती हाताची घडी घालून ऐकत बसली. म्हणाली, छान सांगतोस गोष्ट.

माझ्या पायाची बोटं बधिर झाली आहेत. तिला सांगितलं. म्हणाली, बरंय की, दुखणार नाहीत.

१५ सप्टेंबर

आजच्या केबिनमध्ये पेटीजवळ एक माणूस बसला होता. पन्नाशीचा. चांगले बूट, चांगला कोट. मी नमस्कार केला. विचारलं, कोणाची वाट बघताय का?

म्हणाला, वाट नाही बघत. बायको पुढे गेली. मला ठेवलंय.

किती दिवस, विचारलं. त्याने जरा आठवून पाहिलं आणि सोडून दिलं.

मला भीती वाटायला हवी होती. मी सूप केलं. त्यालाही दिलं. त्याने वाटी हातात धरून ठेवली.

१६ सप्टेंबर

ताई काल सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. रागावलेली नाही. झाडाशी आपण बोलत नाही तसं.

आज दुपारी मोजलं. दीड दिवस.

नियम सगळ्याला लागू, असं मीच —

१७ सप्टेंबर

उपयोगी पडायचा प्रयत्न करतोय. पाणी भरून दिलं. प्यायली नाही. काट्यांची फांदी बाजूला धरली. ती फांदीतूनच गेली असती, काही फरक पडला नसता. जोक सांगितले. तिच्या लहानपणीचं चिडवायचं नाव घेऊन ओरडलो, ज्यावरून ती मला चपलेने मारायची. मार ना, म्हटलं.

मग हात धरला तिचा. सोडवून घेतला नाही. धरलाय हे तिला कळलंच नाही बहुतेक. हाताला वजन नव्हतं.

रडायला हवं होतं मला. थांबलो त्यासाठी थोडा वेळ. आलं नाही. चालायला लागलो.

उद्या सकाळी तीन दिवस होतील.

१८ सप्टेंबर, सकाळ

तिने मला उठवलं. खांद्याला हात लावून! मला वाटलं —

नाही. खांदे धरले, भिंतीशी नेलं, खाली बसवलं. पेटीजवळ. माझी कॉलर नीट केली. स्वेटरची घडी घातली होती तशीच नीट.

बाहेर जाऊन दार ओढून घेतलं तिने. हळू. आवाज न करता.

उठता येत नाही. बांधलेलं नाहीये काही. पाय आहेत, दिसतायत. उठ म्हटलं की ते माझे नसल्यासारखे —

दुखत नाही कुठे.

१८ की १९

खिडकीतून वाट दिसते. कोणी नाही.

चिमणीचा चेहरा आणून पाहिला डोळ्यापुढे. दात पडलेला. येतो अजून. दर थोड्या वेळाने आणून बघतो. विसरलो तर —

घरी काय म्हणत असतील. आई दारात —

असू दे.

तारीख नाही

एक बाई आली. लाल टोपी, मोठी सॅक, माझ्याच वयाची असेल. पेटी उघडली. दोरी घेतली, गॅसचा डबा घेतला. मग माझ्याकडे बघितलं. दंड दाबून पाहिला. शेगडी उचलायला होईल, म्हणाली. एकटीला कंटाळा येतो म्हणे.

मी सांगितलं, माझी ताई पुढे गेली आहे, तिला घरी न्यायचंय. म्हणाली, पुढेच तर जातोय आपण. चल.

उठलो. लगेच. पाय उठले. खूप हलकं वाटतंय, आई.

वही नको म्हणते. कशाला ओझं. ती बाहेर बूट बांधते आहे, तेवढ्यात हे —

ज्याला ही वही मिळेल त्याने मागच्या पुठ्ठ्यावरच्या पत्त्यावर द्यावी. हवी असेल तर उचलली जाईल. तिथे एक लहान मुलगी आहे. तिला सांगा, तुझी आई चालते आहे, ठणठणीत आहे. मामा तिच्या मागोमाग आहे, घेऊन येतोच, असं सांगा. नको. तसं नका सांगू. ती दारात बसून राहील. सांगा की मामाने खूप

हाक मारते आहे. आलो म्हटलं.

तिला फक्त एवढं सांगा की आम्ही दोघं तिला