ओव्हर म्हणेपर्यंत

ती. मामंजींना,

जन्मभर तुम्ही त्या रेडिओला चिकटून राहिलात. कानाला हेडफोन, हातात माइक, परमुलखातल्या माणसांशी गप्पा. खोलीभर वायरी. माझा झाडू अडकायचा, डोकं फिरायचं.

एकदा मी ओरडले, "घरातल्यांचं कधी ऐकता का?" तुम्ही हेडफोन काढलात. "बोल सूनबाई. तू 'ओव्हर' म्हणेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. एकाने 'ओव्हर' म्हटलं की मगच दुसऱ्याने बोलायचं, रेडिओचा नियमच आहे तो."

तेव्हापासून तुम्ही तो नियम पाळलात. या घरात माझं बोलणं पुरं होऊ देणारे तुम्ही एकटेच. तुमच्या जिवंतपणी हे उपकार कधी मानले नाहीत, म्हणून आता लिहितेय.

काल तुमच्या लेकाने रेडिओ न्यायला भंगारवाला आणला. मी नको म्हणायला लागले, तर तुमच्या लेकाचं मध्येच "कळलं गं, कळलं." मी रेडिओसमोर उभी राहिले. "मी अजून ओव्हर म्हटलेलं नाही!"

तुमच्याच हाताखाली वाढलेला तो, नियम आठवून गपचूप खाली बसला. सगळं ऐकलं आणि भंगारवाल्याला परत पाठवलं.

रेडिओ जागेवर आहे. झाडू अजून अडकतो.

खाली ओव्हर लिहीत नाही. लिहिलं की तुमच्या उत्तराची वाट बघावी लागेल, आणि मला कुठे दम निघतो?

तुमची,
तोंडाळ सून