पाणी मागायला

१४ ऑक्टोबर २०२४
नेवाडा

प्रिय बाळभावजी,

वहिनीचे आशीर्वाद. डब्लिनला थंडी सुरू झाली असेल. सलोनीचा खोकला बरा असावा. तुम्ही भावाचा नंबर ब्लॉक केलात, त्यात माझाही गेला, म्हणून हे पत्र.

रिटायर झाल्यावर ह्यांनी कॅरव्हान घेतली, हे आमच्या शॉमबर्गच्या शेजाऱ्यांपैकी कुणीतरी तुमच्या कानावर घातलंच असेल. सगळा जन्म ऑफिसातल्या एसीत गेला, आणि आता वाळवंटातल्या कच्च्या रस्त्यांवरून घर ओढत निघाले. मी खूप कटकट केली, पण मजा येत होती. डाळीचे डबे कपाटातून लोळायचे, आणि मैलोन्मैल माणूस दिसत नाही म्हणून हे खूश.

मागच्या महिन्यात दगड लागून पाण्याची टाकी फुटली. कॅरव्हानचं चाकही ढिलं झालं. फोनला रेंज नव्हती. बऱ्याच वेळाने एक फाटक दिसलं, त्यावर आत येऊ नका अशी पाटी. मी म्हटलं, परत फिरू. "अगं, पाणी द्यायला कोण नाही म्हणतं?" म्हणाले, आणि कॅन घेऊन आत गेले. मी फाटकाशीच चाकाचे नट आवळत बसले.

समोर दिसणाऱ्या घराच्या दारात एक म्हातारा आला, हातात बंदूक. ह्यांनी कॅन टाकून हात वर केले. "वॉटर, सर. जस्ट वॉटर." त्याने बंदूक जराशी खाली केली, दार आणखी उघडलं. आत बोलावतोय असं ह्यांना वाटलं असणार. तुम्हाला भावाची सवय माहीत आहे. डेव्हन रस्त्यावरच्या देशी मिठाईच्या दुकानातसुद्धा ह्यांचा हात बुटाकडे जायचा आणि मी दटावायचे. त्या दारातही हे बूट काढायला वाकले.

त्याने मानेत गोळी घातली.

भावजी, विनय गेले. मी पोचले तेव्हा डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. अग्नी मी एकटीने दिला. तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं, पण तुमच्यावरही राग होता.

म्हाताऱ्याच्या हातून बंदूक गळली होती. "ही वॉज रीचिंग फॉर अ गन," एवढंच बरळत होता. माझ्या हातात पाना होता. तो मी त्याच्या तोंडावर घातला. पडल्यावर पुन्हा घातला. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि बरं वाटलं. हात थकला नसता तर थांबले नसते.

आता त्याचा वकील म्हणतो, विनय घोट्याला बांधलेलं पिस्तूल काढतायत असं त्याला वाटलं. खटला चालवायचा की नाही, ते महिनाअखेरीस कोर्ट ठरवणार. पाहणारी मी एकटी. पोलिसांना मी सांगितलंय की हे ताठ उभे होते, दोन्ही हात वर. कोर्टातही शपथेवर तेच सांगणार आहे. खरं बोलले तर तो सुटेल, आणि त्याच पायरीवर बसून कॉफी पिईल. मला तो तुरुंगात मेलेला हवा आहे.

खोटं तुम्हाला खपत नाही. त्यापायीच तुम्ही सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंत. तरी या. पुढच्या बाकावर बसा, आणि मी बोलेन तेव्हा मान खाली घालू नका.

विनयची, म्हणून अजून तुमचीही,
शुभावहिनी