ढाल तयार, चामडं फेज टूमध्ये

२२ जुलै २००६, शनिवार. इचिकावा, जपान.
अबोलीला सुट्टी लागली. पण इथली शाळा सुट्टीतही सोडत नाही. प्रत्येक मुलाने एक प्रयोग करायचा, १ सप्टेंबरला वर्गात मांडायचा. गेल्या वर्षी मी तिला कुंडीला पाणी कधी घालायचं ते सांगणारा प्रोग्रॅम लिहून दिला. प्रोग्रॅम उत्तम होता. झाड मेलं. वर्ग हसला.
यंदाचा विषय तिचाच: व्हायकिंगांची लाकडी ढाल बाण कशी अडवायची? शैलजा म्हणाली, तिचं तिला करू दे. मी म्हटलं, अगं, मी प्रोजेक्ट लीडर आहे. म्हणाली, म्हणूनच सांगतेय.

२३ जुलै
चार्ट तयार. चाळीस दिवस, बफरसकट.

६ ऑगस्ट, रविवार
सॉफ्टवेअरच्या रिलीजमुळे मागचा वीकएंड आणि कालचा शनिवार ऑफिसात. बफर असतो कशाला?
पाइनच्या सात फळ्या आणल्या, आठ मिलिमीटरच्या. व्हायकिंग पातळच फळ्या शेजारी शेजारी चिकटवत आणि वरून चामडं ताणून बसवत. अबोलीने पुस्तकातल्या चामड्यावर दोनदा बोट ठेवलं. शैलजा म्हणाली, या घरात अजून अंडं उकडलेलं नाही, कातडं कुठे भिजत घालणार? चामडं शोभेचंच असणार. फेज टूमध्ये ढकललं.

१९ ऑगस्ट
ढाल गोल कापली. किंचित लांबट आली. मधे मुठीच्या रक्षणाला लोखंडी वाटी लागते. शैलजाचं माहेरचं पातेलं अगदी मापाचं निघालं. तिला उद्या सांगेन.

२० ऑगस्ट
सांगावं लागलं नाही.

२६ ऑगस्ट
खालच्या मजल्यावरचे ओगावा-सान सत्तरीत धनुर्विद्या शिकवतात. उद्या एक बाण मारायला तयार झाले. ढाल उलटसुलट करून त्यांनी विचारलं, चामडं? मी म्हटलं, डिझाइन डिसिजन आहे. शैलजाने त्याचं जपानीत काय केलं कोण जाणे, ते माझ्याकडे फार प्रेमाने बघू लागले.

२७ ऑगस्ट, सकाळी ७
ढाल टिकायलाच हवी. काल अबोली म्हणाली, बाबा, यंदा हसले तर मी तुला शाळेतलं काहीच सांगणार नाही. कधीच. एरवी जपानीत उत्तरं देते. हे मराठीत म्हणाली.

त्याच दिवशी, ११.३०
एक बाण. लाकडाच्या रेषेत वरपासून खालपर्यंत उभी फाटली. पातेलं शाबूत.

२९ ऑगस्ट
रजा काढली. तुकडे चिकटवले. हेअर ड्रायर फिरवतोय. दमट हवेत गोंद वाळत नाही. तीन दिवस! अबोली मात्र सारखी ओगावा-सानकडे, त्यांच्या कुत्र्याशी खेळायला. परिस्थितीचं गांभीर्यच नाही.

३१ ऑगस्ट
ढाल उचलली. अर्धी टेबलावरच राहिली. आता तिला काय सांगू? शाळेला मेल लिहितोय: मुलीला ताप आहे. शैलजा म्हणाली, मेल खोड. तिचा तक्ता सकाळीच झालाय.

१ सप्टेंबर, शुक्रवार
अबोलीला शाळेत सोडून आलो. तक्त्यावर दोन ढाली. दुसरी ताटलीएवढी. कुत्र्याच्या चघळायच्या चामडी हाडाचं कातडं ओगावा-सानच्या बादलीत भिजवून तिने फळ्यांवर ताणून बसवलं होतं. वाळल्यावर घट्ट आवळलं. ओगावा-सानचा बाण टोकापर्यंतच रुतला, फळ्या जागच्या हलल्या नाहीत. पहिल्या ढालीचा फोटो. खालचं शैलजाने वाचून दाखवलं: ‘अ. चामड्याशिवाय. बांधणी: बाबा.’
अबोली परतल्यावर विचारलं, वर्ग हसला का. म्हणाली, अ-ला हसला, मग टाळ्या वाजवल्या. बाईंनी शेरा दिलाय: अ नसती तर तुलना झालीच नसती. म्हणजे प्रयोगाचा पाया माझाच.

३ सप्टेंबर
एवढ्या लांब फळ्या कचऱ्यात टाकायच्या तर पालिकेचं स्टिकर लागतं. छोटे तुकडे केले तर लागत नाही. शैलजाने करवत हातात दिली. शेवटची फळी काही केल्या कापली जाईना. अबोलीला म्हटलं, बघ, किती मजबूत होती. ती जपानीत काहीतरी म्हणाली.
शैलजाने भाषांतर केलं नाही.