पोटाशी कापलेलं सूप

माय,

तुझं सूप काचेच्या पेटीत ठेवलं आहे. वरून दिवा सोडला आहे, खाली पांढरं कापड अंथरलं आहे, आणि 'हात लावू नये' अशी पाटी आहे. तू असतीस तर ती पाटी बाजूला सारून सूप उचललं असतंस आणि बुडाशी तंबाखूची धूळ कोणी झटकली की नाही ते आधी पाहिलं असतंस. मी हात मागे बांधून उभी राहिले. शाळेच्या मुली बरोबर होत्या, आणि बाईंनी शिस्त पाळायची असते. या गोष्टीला आठ दिवस झाले, अजून मला जेवण नीट जात नाही. हे तुला सांगण्यात काही अर्थ नाही म्हणा. तू विचारशील, मग उरलेलं शिळं कोण खाऊन राहिलं?

प्रदर्शन इथेच, गोंदियात, कॉलेजच्या सभागृहात होतं. भरवणारी संस्था दिल्लीची, सरकारी. कारखान्यात आणि हातानं होणाऱ्या वस्तूंना चांगला घाट यावा, त्या वापरणाऱ्याला सोयीच्या व्हाव्यात, म्हणून देशानं एक अख्खं कार्यालय उघडलेलं आहे. तुला ते तेव्हाही पटलं नव्हतं. "खुर्ची बसाले सोयीची पायजे, हे सांगाले सरकारी मानूस कायले लागते वं?" असं तू विचारलं होतंस, तेही त्याच कार्यालयाची माणसं नव्याण्णव साली आपल्या दारात उभी असताना. मी डोळे वटारले होते.

विड्या वळणाऱ्या बायांची अवजारं पाहायला ती आली होती. एक बाई, दोन तरुण. जीप गल्लीत शिरेना म्हणून चालत आलेले, बुटांना चिखल. वस्तीतली शिकलेली म्हणून दुभाषी मी. तू भिंतीला टेकून बसली आहेस, मांडीवर सूप, सुपात ओली पानं, कातर आणि तंबाखू. सुपाची पोटाकडची कड अर्धचंद्रासारखी कापलेली. बांबू टोचू नये म्हणून कापलेल्या काठाला सायकलीची जुनी ट्यूब गुंडाळलेली, आणि उजवीकडे सायकलीचीच तार वाकवून त्यात रीळ अडकवलेलं, म्हणजे दोरा एका हातानं ओढता येतो. मी पोटात असताना सातव्या महिन्यात सूप मांडीवर बसेना, म्हणून तू ते विळ्यानं कापलं होतंस. त्या सुपाचं वय आणि माझं वय एकच. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली की संस्कृत शब्दरूपांच्या कितीतरी आधी मला ती पाठ होती. तुझं पाहून शेजारणींनी सुपं कापली, मग दवनीवाड्याच्या बायांनीही कापली.

दिल्लीच्या बाईंनी विचारलं, "ये किसने बनाया? डिझाइन किसका है?" तुझ्या तोंडून "म्या" निघालं, आणि मी मध्ये पडले. डिझाइन म्हणजे नक्षी, एवढीच माझी समजूत. तुझ्या सुपावर तर ठिगळं होती. शिवाय गर्भारपण, विळा, पंक्चर झालेली ट्यूब, हे सगळं त्या स्वच्छ कपड्यांच्या माणसांना हिंदीतून सांगायची मला लाज वाटली. मला वाटलं, वस्तू जुनी ठरली की मानाची ठरते. मी म्हणाले, ही परंपरा आहे, फार प्राचीन आहे, कोणी एकानं केलेली नाही. मूळ शब्द शूर्प, त्याचे उल्लेख जुन्या ग्रंथांत आहेत, असं अर्धं पान संस्कृत दाखले देऊन मी लिहून दिलं आणि खाली सही केली. वेद अपौरुषेय असतात, सूप नसतं, एवढा फरक संस्कृतात एम. ए. झालेल्या बाईला कळायला हवा होता. आलेल्या दोघांतल्या एका तरुणानं ट्यूबकडे बोट दाखवलं, तर मी म्हणाले, पूर्वी तिथे चामडं असायचं. किती सहज म्हणाले, माय.

संध्याकाळी तू भात उतरवत होतीस. पाठमोरीच म्हणालीस, "जुनं म्हनलं का चांगलं रायते काय वं? जुनंच चांगलं व्हतं, तं तुया आज्यानं बुद्धाची दीक्षा घेऊन ते कायले सोडलं?" मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. तू म्हणालीस, "व्हय, मले कायले कळते," आणि मला आधी वाढलंस. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तू नवं सूप कापत बसली होतीस. जुनं कुठं आहे विचारलं तर म्हणालीस, "आले व्हते ते लोक. देल्लं त्यायले." मी पुढे काही विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. नंतर तीनच वर्षं तू होतीस.

आता त्या काचेवरची चिठ्ठी. वरची ओळ: 'विडी कामगारांचे सूप, पारंपरिक, कर्ता अज्ञात.' खालची ओळ: माहिती देणारी म्हणून माझं नाव, हुद्द्यासकट. एकाच चिठ्ठीत तू अज्ञात आणि मी ज्ञात. मुलींना पुढच्या दालनात पाठवून मी टेबलावरच्या मुलीकडे गेले. ती त्या संस्थेची अधिकारी, माझी विद्यार्थिनी असावी अशा वयाची.

म्हटलं, "वो सूप मेरी माँ का है."

"अच्छा, मतलब उनके पास भी ऐसा था?"

"उनके पासही था. उन्होंने बनाया."

तिनं मला बसायला खुर्ची दिली, खरंच सोयीची होती, आणि लॅपटॉपवर जुने कागद उघडले. माझं अर्धं पान आलं. माझं अक्षर सुंदर आहे, हे तेव्हा फार जाणवलं. मग तिनं दुसरा कागद उघडला. ट्यूबबद्दल त्या तरुणाला शंका राहिली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना ते खात्री करायला पुन्हा आले होते. तू सांगितलेलं त्यानं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं: "ये तो पहले से ऐसाच है. हमारी लड़की पढ़ी-लिखी है, वो बोली वो सही है." खाली तुझी सही. रात्रशाळेत मीच तुला शिकवलेली, शेवटचं अक्षर ओळीबाहेर गेलेली.

माय, विड्या तपासणारा मुनीम मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा, तेव्हा त्याच्या तोंडावर "खोटं बोलून रायला तू" म्हणणारी बाई तू. आयुष्यात तू सही करून एकच खोटं बोललीस, आणि ते मी खोटी पडू नये म्हणून. त्या मुलीनं पाणी आणून ठेवलं.

ती हळूच म्हणाली, "सुधार हो सकता है, मॅडम. पर आपको लिखना पड़ेगा कि माताजी का बयान ग़लत है."

म्हणजे तुझं नाव लागावं तर तुला खोटं ठरवायचं. मी अर्ज घेतला. 'माझ्या आईने चुकीचे सांगितले, कारण आदल्या दिवशी मी खोटे सांगितले होते,' असं लिहिलं, कापलेल्या कडेचं खरं कारण लिहिलं, सातव्या महिन्यासकट, आणि तुझं पूर्ण नाव घातलं. या वेळी एकही संस्कृत दाखला दिला नाही. अर्ज समितीपुढे ठेवते, असं ती म्हणाली. समित्या कशा असतात ते तुला माहीत नाही, बरं आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते वहीतच राहील. पण एक गोष्ट मी त्या अर्जातही लिहिलेली नाही. काचेपाशी गेले तेव्हा मी आधी खालची ओळ वाचली. आपलं नाव छापलेलं पाहिलं आणि मुलींना हाक मारली, या गं, इकडे या, आणि बोट ठेवून दाखवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एकीनं वरची ओळ मोठ्यानं वाचली आणि विचारलं, मॅडम, कर्ता अज्ञात म्हणजे कोण? तोवर, माय, मला फार बरं वाटत होतं.