आत्याचा डावा हात

खरवई, बुधवार

प्रिय जिज्ञा,

माझ्या दहाही बोटांवरची तू लावलेली कृत्रिम नखं आज दुपारी निघाली आणि खालची माझी स्वतःची नखं शाबूत आहेत. हे मी म्हणत नाही, ठमाबाई म्हणाल्या. तुझ्या कमलेशदादाच्या लग्नात धवले गायला बसल्या होत्या, त्याच. ओट्यावर उजेडात माझं एकेक बोट धरून, चष्मा वर-खाली करून त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "नखा बरी हान गो, येकाला पन लागला नाय." त्यांचा शब्द आळीत कुणी खाली पाडत नाही, म्हणून मुद्दाम त्यांनाच बोलावलं होतं.

तू फोन उचलत नाहीस. उचलू नकोस. हे कमलेशच्या हाती देते आहे, तो अंबरनाथला कामावर जाताना पुढे उल्हासनगरला तुझ्या खोलीवर देईल.

तू गेल्यापासून तुझी नखांच्या क्लासची वही माझ्याकडे आहे. "काढणे" या पानावर तू दोनदा रेघ ओढली आहेस, 'ओढायचं नाही' याच्याखाली. ते पान मी इतक्या वेळा वाचलं की आता डोळे मिटूनही दिसतं. देवाजवळचा दिवा शांत केला, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, कारण ॲसिटोन लगेच पेट घेतं असं तू लिहिलं आहेस. पुढे आलेलं टोक थोडं थोडं कापलं. वरचा चकचकीत थर फाइलनं घासला आणि खालचं खरं नख लागायच्या आत थांबले. कडेच्या कातडीला व्हॅसलीन. मग तुझ्या पेटीतल्या ॲसिटोनमध्ये भिजवलेला नखाएवढा कापूस आणि वरून तुझ्या बाबांच्या चपात्यांची फॉइल. एका वेळी एकच हात. शेजारची सुनंदा म्हणाली, "वहिनी, बोटांचे डबे बांधून कुठल्या शिफ्टला निघालात?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पंचवीस मिनिटं ओट्यावर बसून मी हसून घेतलं.

डाव्या करंगळीचं मात्र निघेना. कडेनं जरा सुटलेलं दिसत होतं आणि तिथे नख घालून उचकटायला हात अगदी शिवशिवत होता. नाही उचकटलं. पुन्हा कापूस, पुन्हा फॉइल, आणखी दहा मिनिटं. मग लाकडी काडीनं ढकललं तर दुधावरच्या सायीसारखं सरकलं. हात साबणानं धुतले, खोबरेल चोळलं. नखं जरा कोरडी, पांढुरकी दिसतात, पण दुखत नाही.

अंजनी आत्याही आली होती. उजवा हात पदराखाली घेऊन भिंतीशी बसली होती. हळदीच्या सकाळी तू अकरा जणींना नखं लावलीस, तेव्हा हीच तुझ्या मागे लागली होती, "माजी सगल्यांत लांब लाव, वरातीत दिसली पायजेत!" आणि लग्नाला आठवडा झाल्यावर सुजलेलं बोट घेऊन दारात उभी राहून म्हणाली, "तुझ्या पोरीनं माजा हात सडवला." बाबांनी तुझी पेटी अंगणात ठेवली. हे धंदे आपल्या घरात नकोत, म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मेथी निवडत राहिले. तू माझ्याकडे किती वेळ पाहत होतीस ते मला माहीत आहे, कारण तेवढ्यात माझी अख्खी जुडी निवडून झाली होती.

आता जे सांगायला बसले ते सांगते. आत्याचं बोट कशानं सुजलं, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. आदल्या दुपारी तू क्लासला होतीस. आत्याला नखं काढायची घाई झाली होती. बाबांनी कंपनीतून पाण्याच्या बाटलीत थिनर आणलं. "मशीनचा रंग जातो, नख काय चीज हाय," म्हणाले. वाटीत तिचा उजवा हात बुडवला, कातडी लाल झाली, तरी नखं हलेनात, मग पेचकस घातला. रक्त आलं तेव्हा थांबले. डावा हात तसाच राहिला. मी दारात उभी होते. "घरातला घरात ठेव," असं बाबा म्हणाले आणि मी ठेवलं, तुला घराबाहेर जाऊ देऊन. आज ठमाबाईंनी माझी बोटं पाहिल्यावर मी हे सगळं ओट्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. बाबा आत जेवत होते. नाही म्हणाले नाहीत. आत्यानं पदराखालचा हात तसाच ठेवला आणि दुसरा पुढे केला, तो डावा. त्यावर तू लावलेली पाच नखं अजून आहेत. म्हणाली, "ही तिलाच काढू दे."

रविवारी अकरा वाजता आत्या येणार आहे, तिच्यामागून नखं काढायला आणखी चौघी. दहा वाजता बाबा बदलापूर स्टेशनवर तुझी वाट पाहत उभे असतील. काय बोलायचं ते मी त्यांना शिकवलेलं नाही, त्यांचं त्यांनी शोधावं. तू आलीस तर वही तुझ्या हातात देईन. नाही आलीस तर वही समोर ठेवून आत्याच्या हाताची नखं मी काढेन, आणि पुढच्या रविवारी बाबा पुन्हा स्टेशनवर असतील.

तुझीच,
मेथी खाली ठेवलेली आई