मबरूका खालाचा जनाजा

प्रिय मनूबिया,

फोनवर माझा आवाज आला की तू "आईला दे" एवढंच म्हणतेस. म्हणून हे कागदावर लिहितेय. फातनची मुलगी उद्या पालेर्मोच्या बोटीने निघतेय, तिच्या हाती देते. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

आधी बातमी सांगते. मबरूका खाला गेली. आपल्याला तिच्या झाडावर अंजिरं चोरताना पकडून, कान पिळून, वर आणखी चार हातावर ठेवायची तीच. गेल्या मंगळवारी सकाळी कांदा चिरता चिरता भिंतीला टेकली, ती तशीच राहिली. न्हाऊ मीच घातलं. गावातली कुठलीही बाई गेली की मलाच हाक येते, हे तुला ठाऊकच आहे. कोमट पाणी, कापूर, शेवटी संत्र्याच्या फुलांचं पाणी, सगळं केलं. पण तिच्या बोटांचा कांद्याचा वास काही जाईना. तीनदा धुतली. मग म्हटलं, असू दे खाला, घेऊन जा सोबत.

पुढे पंचाईत झाली ती वेगळीच. बोटी तीन दिवसांसाठी समुद्रात गेलेल्या. तरुण पोरं तर निम्मी समुद्रापलीकडे तुमच्याच किनाऱ्याला लागलीत. गावात पुरुष म्हणावेत तर मशिदीतले शेख तय्येब, गुडघे गेलेला अम्मार न्हावी आणि काठी टेकणारे दोघे म्हातारे. जूनचं ऊन. कबरस्तान टेकाडावर, तू चढ विसरली नसशील. अम्मार म्हणाला, "मी देतो खांदा, पण येताना माझ्यासाठी दुसरा जनाजा आणावा लागेल." कुणी हसलं नाही. तेवढ्यात फातन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मासळीच्या पेट्या रोज आम्हीच वाहतो ना? खाला काय पेटीपेक्षा जड आहे?"

सगळ्या शेखकडे बघायला लागल्या. त्यांनी दाढीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग म्हणाले, "मयताला ताटकळत ठेवणं बरं नाही. उचला. आणि सावकाश चला, त्या बाईला कधी घाई नव्हती."

तरी कुणी पुढे होईना. आता बायका माझ्याकडे बघत होत्या. का बघत होत्या, ते मला कळत होतं, तुलाही कळेल. मी ओढणी कमरेला खोचली आणि जनाज्याचा पुढचा डावा दांडा खांद्यावर घेतला. मग फातन आणि आणखी सहा जणी पुढे झाल्या.

मनू, इतक्या बायकांना मी न्हाऊ घातलं, कफन बांधलं, पण माझं काम कायम उंबऱ्याशी संपायचं. पुढे त्या कुठे जातात, त्यांना खाली कसं ठेवतात, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण बायका जायचो तेव्हा माती सारखी केलेली असायची. यावेळी पाहिलं. खड्ड्यातली माती ओली होती, थंड होती. अम्मारने आणि शेखनी तिला उजव्या कुशीवर निजवलं, अगदी झोपलेल्या पोराला निजवतात तसं. फातन मोठ्याने रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. खालून समुद्राचा आवाज येत होता, आणि मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. भीती इतकी वर्षं कशाची होती तेच आठवेना.

कुरकुर झाली, नाही असं नाही. दोन घरांतून खालाच्या घरी जेवणाचं ताट आलं नाही. पण बोटी परतल्यावर खालाचा भाचा आला, आम्हा आठही जणींच्या कपाळाचं चुंबन घेऊन गेला. तिसऱ्या दिवसाच्या कुसकुसच्या जेवणाला मात्र ती दोन्ही घरं हजर. मटण पाहून राग निवळतो म्हणे!

बाबा गेले तेव्हा तू बोटीवरून उतरून थेट आलीस, कपडेही बदलले नव्हतेस. म्हणालीस, तिकडे, तुमच्या मझारा गावात, बायको आणि मुली सगळ्यांत पुढे चालतात, कबरीवर माणसाचा फोटो लावतात, मेलेली माणसं नोव्हेंबरात एका रात्री येऊन पोरांसाठी मिठाई ठेवून जातात. मी काय म्हणाले आठवतंय? "तिकडचं तिकडे. इथे तू पाहुणी आहेस." आणि किल्ली फिरवून दाराला पाठ लावून उभी राहिले. जनाजा लांब जाईपर्यंत तू आतून दार वाजवत होतीस. ते धक्के मला पाठीत लागत होते.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते लिहिते. आदल्या दुपारी बाबांनी मला जवळ बोलावलं होतं. म्हणाले, "मनूबिया पोचली तर तिला माझ्याबरोबर येऊ दे. मोठ्या काकांशी मी बोलतो." बोलायच्या आत ते गेले. ऐकणारी मी एकटीच होते. काकांना सांगायचा मला धीर झाला नाही. मग वाटलं, न सांगितलेलं कुणाला कळणार? सात वर्षं गिळून बसले. खालाला पोचवून आले त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. तिने मारलं नाही. नुसतं म्हणाली, "सात वर्षं तुला घास कसा उतरला गं?" सकाळी म्हणाली, "तिला लिही. माफी तुझी तू माग, ती देईल न देईल. पण माझं सांग की मी मेल्यावर ती पुढे चालली काय नि मागे चालली काय, मला काय दिसणार? आत्ताच बोलाव. बाबांकडे तिघी मिळून जाऊ." मी माफी मागतेय, मनू. ये. आई गुडघ्यांना तेल चोळून रोज चढाचा सराव करतेय. काल अर्ध्यावर पोचली, दगडावर बसली, आणि खाली मला ओरडून म्हणाली, "कागदात हेही लिही, उरलेला अर्धा मी तिचा हात धरून चढणार आहे!"

तुझीच थोरली,
शाझलिया